नागोरावांचा पाचवा सेट

आमच्या शेजारचे नागोराव टेनिसची फायनल टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघतात, आणि बंद केलेला सगळा आवाज स्वतःच्या घशातून काढतात. नांदेडला तरोडा नाक्याजवळच्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. आठ वर्षांपूर्वी मी लातूरहून बदली होऊन इथे राहायला आले, तेव्हा मला मात्र ठाऊक नव्हतं. पहिल्याच रविवारी दुपारी मी रसायनशास्त्राच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते, आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "हाणला! पैलवानानं हाणला! आरं पळ की जावई, पळ! गेला, भायेर गेला!"

कुणीतरी पैलवान कुणाच्यातरी जावयाला बडवतोय, असं कुणालाही वाटलं असतं. मला राग लवकर येतो आणि मधे पडायची खोडही आहे. मी हातातल्या लाल पेनासकट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोर भलामोठा टीव्ही. एका खुर्चीत बनियन-पायजम्यातले नागोराव, दुसऱ्या खुर्चीत त्यांची बायको प्रयागकाकू. काकू टीव्हीकडे बघतच नव्हत्या. मान खाली, कान नवऱ्याकडे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली आहे, उजेड-अंधार तेवढा कळतो, हे मला तेव्हा समजलं आणि भांडण तोंडातल्या तोंडातच राहिलं.

"या मॅडम, बसा," नागोराव म्हणाले. "चार-चार झालेत, शेवटचा सेट हाय. उभ्या राहू नका, लोड येतो."

नागोराव वीज खात्यात सबस्टेशनवर ऑपरेटर होते. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. खेळाडू दमला की त्याच्यावर लोड येतो, चिडून रॅकेट आपटली की तो ट्रिप होतो. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात घामाघूम झालेला नवरदेव पाहून ते ऐन मंगलाष्टकांत म्हणाले होते, "पोराला अर्थिंग न्हाई." नवरीकडच्यांनी अजून त्यांना माफ केलेलं नाही.

वीज खात्यातला माणूस टेनिसच्या नादी कसा लागला, त्याचीही गंमतच आहे. नोकरीच्या सुरुवातीला ते लातूरला हेल्पर होते. साहेब लोकांच्या क्लबात टेनिस कोर्टाचे दिवे बदलायला त्यांना खांबावर चढवलं. खाली दोन साहेब खेळत होते. अर्ध्या दिवसाचं काम नागोरावांनी चार दिवस पुरवलं आणि खेळाचे सगळे नियम खांबावर बसूनच शिकले. "खाली बसणाऱ्याला मान हलवावी लागती मॅडम," ते मला समजावतात. "खांबावरच्याला न्हाई."

लग्न झाल्यावर त्यांनी हा खेळ काकूंना शिकवला. काकू शिरूर अनंतपाळच्या, शाळा सातवीपर्यंत, पण हिशेबाला पक्क्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पंधरा, तीस, मंग पंचेचाळीस पाह्यजे की. चाळीस कसं? पाच कुठं गेले?"

"लाईन लॉस," नागोराव म्हणाले.

वीज तारेतून जाताना थोडी वाटेतच जिरते, तिला ते लोक लाईन लॉस म्हणतात. काकूंना ते उत्तर तेव्हा पटलं आणि आजही पटतं. मलासुद्धा त्याहून चांगलं उत्तर कुणी दिलेलं नाही.

खेळाडूंची खरी नावं या घरात घेतली जात नाहीत. ज्याचे दंड मोठे तो पैलवान. ज्याचे कपडे पांढरेशुभ्र, भांग जागच्या जागी आणि हरला तरी तोंडातून शब्द वाकडा नाही, तो जावई. हे नाव काकूंनी ठेवलेलं. काकूंना मूलबाळ नाही, त्यामुळे जावई एवढा एकच. तो जिंकला की त्या दिवशी घरात शिरा होतो. पैलवान जिंकला की नागोराव अर्धापूरच्या केळ्यांवर भागवतात.

केळी तर फायनलला लागतातच. बाजू बदलताना खेळाडू केळं खातात ना, तेव्हा हे दोघंही एक केळं मोडून अर्धं-अर्धं खातात. शिवाय खेळाडूंनी बाजू बदलली की यांनीही खुर्च्या बदलायच्या. नागोराव उठतात, काकूंचा हात धरतात, त्यांना आपल्या खुर्चीत बसवतात आणि स्वतः त्यांच्या खुर्चीत बसतात. पाहुण्यांनाही सुटका नाही. एकदा लांबलेल्या फायनलला मी हौसेनं गेले आणि गुडघे धरून घरी आले.

पण नागोरावांची खरी ओळख म्हणजे त्यांची वही. सबस्टेशनवर लाईन कधी बंद केली, कधी चालू केली, हे मिनिटासकट लिहावं लागतं. त्याच पद्धतीनं त्यांनी घरी फायनल सामन्यांची वही ठेवली आहे. तारीख, सुरू झाल्याची वेळ, निकाल, पुरवठा खंडित, पुरवठा पूर्ववत. भारनियमनाच्या काळात शेवटचे दोन रकाने सगळ्यात जास्त भरायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "एखादी वेळ पाच मिनिटं इकडची तिकडे लिहिली तर काय बिघडतं हो?" ते एकदम गंभीर झाले. "लाईन बंद हाय म्हणून लिव्हलं आन् ती चालू निघाली, तर वर चढलेला माणूस खाली येत न्हाई मॅडम. वेळ म्हणजे वेळ. खोटी नोंद मी जिंदगीत केली न्हाई."

त्या वहीत एक पान अर्धवट आहे. लंडनची फायनल, पुरवठा खंडित रात्री साडेनऊ. पुढे निकाल नाही, पूर्ववत नाही, काहीच नाही. मी विचारलं तेव्हा काकू घरात नव्हत्या, म्हणून त्यांनी सांगितलं.

सोळा-सतरा वर्षं झाली असतील. पैलवान आणि जावई समोरासमोर. लंडनला पाऊस आला, खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि सामना नागोरावांच्या ड्युटीच्या वेळेत घुसला. ते सबस्टेशनवर गेले. काकू घरी एकट्या बघत होत्या. तेव्हा त्यांना दिसत होतं. दोन-दोन सेट झाले. साडेनऊला आमच्या भागाची लाईट घालवायची पाळी होती, आणि घालवणार होते नागोराव. नऊ वाजून वीस मिनिटांनी सबस्टेशनचा फोन वाजला.

"आवो, पाचवा सेट लागलाय. आजच्या दिवस जरा सबर करा. नुस्तं अर्धा घंटा."

"वेळ म्हणजे वेळ," नागोराव म्हणाले, आणि साडेनऊला स्वतःच्या हातानं स्वतःच्या घराची लाईट घालवली.

"त्या भागात दवाखाना नव्हता, कारखाना नव्हता," ते मला म्हणाले. "दुसरा भाग आधी बंद केला असता तरी चाललं असतं. दुसरे ऑपरेटर करायचे. मला जमलं न्हाई. ती रागावली असती तर बरं झालं असतं. सकाळी घरी आलो तर नेहमीसारखी भाकरी करून राहिली होती."

त्या सकाळी त्यांनी घरचा पेपर उघडून बघितला. जावई हरला होता. त्यांनी पेपर माळ्यावर ट्रंकेमागे टाकला, गल्लीतल्या सगळ्यांना निकाल सांगायचा नाही म्हणून दम दिला, आणि काकूंना म्हणाले, "मीबी न्हाई पाह्यला. आपण दोघं मिळूनच पाहू कधीतरी." तो कधीतरी यायच्या आत काकूंचे डोळे गेले. दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिळून बघायची ती फायनल तशीच राहिली. त्यानंतर नागोरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि स्वतः बोलायला लागले.

यंदा काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हैदराबादला न्यायचं, तारीख मिळाली. काकू घाबरल्या वगैरे नाहीत. पिशवी भरताना एवढंच म्हणाल्या, "तेवढा पाचवा सेट राहिला बगा."

नागोराव त्याच संध्याकाळी माझ्या दारात आले. आठ वर्षांत हा माणूस माझ्याकडे साखरसुद्धा मागायला आला नव्हता.

"काय करून राहिले मॅडम? ते जुनं फायनल मोबाईलवर निघतं का?"

दोन मिनिटांत निघालं. पण त्यांचा चेहरा उजळला नाही. चप्पल घालता घालता थांबून म्हणाले, "जावई हारतो."

"मग काय सांगणार काकूंना?"

"खरं हाय ते सांगणार. दुसरं जमतं कुठं मला." आणि निघून गेले.

मला त्यांचा भयंकर राग आला. सगळं आयुष्य त्या घड्याळापायी घालवलंत, आता ऑपरेशनच्या तोंडावर बाईला हार ऐकवणार! पण मी रविवारी गेले. टीव्हीला मोबाईल जोडून द्यायला कुणीतरी हवंच होतं. टेबलावर केळ्यांची फणी होती. काकूंनी इस्त्रीची साडी नेसली होती, केस विंचरले होते.

पाचवा सेट सुरू झाला, आणि एवढं सुंदर बोलताना मी नागोरावांना कधीच ऐकलं नव्हतं. गवत कुठे पिवळं पडलंय, ऊन कुठे उतरलंय, जावयानं कपाळ कसं पुसलं, सगळं सांगत होते. काकू मधेच विचारायच्या, "शर्ट मळला का त्याचा?" ते म्हणायचे, "जरा बी न्हाई." खुर्च्या बदलल्या, केळी मोडली, पुन्हा खुर्च्या बदलल्या. सहा-सहा झाले. सात-सात झाले. मी उभीच होते, आणि कुणी मला बसा म्हणालं नाही.

मग तो शेवटचा चेंडू आला. जावयानं मारला आणि तो जाळीत गेला. पैलवान गवतावर आडवा पडला, सगळं मैदान उठून उभं राहिलं, आणि आमच्या खोलीत एकदम शांतता झाली. नागोरावांचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघेना.

काकूंनी हात पुढे करून खुर्ची चाचपली. "आवो, गप्प का झाले? लाईट गेली का?"

"न्हाई गं!" नागोराव ओरडले. "लाईट हाय! लाईट हाय! जितला! जावई जितला! आडवा पडला गवतावर, रडून राहिलं लेकरू!"

त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. चुका सुधारायचाच मी पगार घेते, पण त्या दिवशी मी ओठ घट्ट मिटून घेतले. काकूंनी टाळ्या वाजवल्या, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "मॅडम, चला, शिरा करू. मला रवा भाजायला हात द्या."

स्वयंपाकघरात त्यांनी बोटांनी डबे ओळखून रवा काढला, तूप काढलं. मी गॅस पेटवला. बाहेर नागोराव नाक शिंकरत होते. काकू हळूच म्हणाल्या, "जाळीत गेला न्हवं चेंडू?"

मी गॅस बारीक केला आणि त्यांच्याकडे वळले.

"त्या टायमाला मला चांगलं दिसत होतं की," त्या म्हणाल्या. "यांनी घरचा पेपर लपवला, गल्लीला दम दिला. पन आठ दिवसांनी दुकानातून शेंगदाण्याची पुडी आली, ती त्याच पेपरात बांधलेली. लेकराचा खाली मान घातलेला फोटो. मी वाचलं, आन् चुलीत टाकलं."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"काय बोलू? यांना वाटतं, माझं कायतरी यांनी हिसकून घेतलं. रोज उठून तोच लोड. आज दिलं की त्यांनी परत. मी घेतलं." त्यांनी रव्याचा वास घेतला. "झाला बगा. साखर घाला. मला नका, यांच्या वाटीत जरा जास्त घाला."

आम्ही शिरा घेऊन बाहेर आलो तेव्हा नागोराव ती वही उघडून बसले होते. तेच अर्धवट पान. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पेन निकालाच्या रकान्यावर आलं, आणि तो रकाना कोरा सोडून पुढे गेलं. शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: पुरवठा पूर्ववत, सायंकाळी सहा पन्नास.

"लिव्हलं का?" काकूंनी विचारलं.

"लिव्हलं."

"टाईम बरोबर हाय न्हवं?"

"वेळ म्हणजे वेळ," नागोराव म्हणाले. मग वही मिटून ठेवली, काकूंचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं, आणि आधी त्यांच्या हातात शिऱ्याची वाटी दिली.