बेटावरच्या पत्रकाराचा शेवट

व्यसनमुक्ती केंद्रात रविवारी दुपारी कोणता पिक्चर दाखवायचा, हे ठरवायचं काम समुपदेशक ताईंकडे होतं आणि ताईंना पिक्चर बघायला वेळ नव्हता. त्या डिस्कच्या वेष्टनावरचा मजकूर वाचून निवड करत. या वेळी वेष्टनावर लिहिलं होतं, 'दारूत बुडालेला एक पत्रकार, एक हिरवंगार बेट आणि तुम्ही कधीच विसरणार नाही असा शेवट.' ताईंनी त्यातले 'बुडालेला' आणि 'शेवट' एवढे दोन शब्द धरले आणि बाकीचा पिक्चर मनातल्या मनात स्वतःच रचून टाकला.

निवडीला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी केंद्रात एक वार्ताहर दाखल झाले होते. वय पन्नाशीच्या पुढे, हात कापरे. सगळे त्यांना 'पेपरवाले' म्हणत. गटाच्या बैठकीत बाकीचे आपापलं रडगाणं गायचे, तेव्हा पेपरवाले खिडकीबाहेर बघत बसायचे. तीन आठवड्यांत ते एकूण चार वाक्यं बोलले होते आणि त्यातली दोन चहाबद्दल होती. शनिवारी त्यांनी पाचवं वाक्य कागदावर लिहून दिलं : 'मला सोमवारी सकाळी घरी जायचं आहे.'

ताईंनी त्यांच्या बायकोला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "येऊ देत. मी परत भावाकडे चाललेय. किल्ली शेजारी असेल म्हणावं." मग जरा थांबून म्हणाली, "तिथंच राहिले, तर मात्र रविवारी भेटायला येईन."

हे पेपरवाल्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं, ते ताईंना सुचेना. निरोप ओठांवर यायचा आणि परत गिळला जायचा. म्हणून हा पिक्चर. पत्रकाराचं वाटोळं पत्रकारानं डोळ्यांनी बघावं आणि आपण होऊन अर्ज मागे घ्यावा, म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला!

हॉलमध्ये पडदे ओढले. बावीस माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसली. ताई म्हणाल्या, "मधेच कुणी उठायचं नाही. शेवट महत्त्वाचा आहे."

पहिल्याच दृश्यात ग्लासात बर्फाचे दोन खडे पडले. टिण्ण! बावीस गळ्यांतून एकदम आवंढा खाली गेला. पडद्यावरच्या समुद्रापेक्षा तो आवाज मोठा होता.

"सुरुवात अशीच असते," ताई म्हणाल्या. "पुढे बघा."

पुढे पत्रकार महाशय प्याले आणि टेबलावर चढून असं काही बोलले की पिक्चरमधले सगळे हसले आणि हॉलमधलेही. मग ते प्याले आणि रात्रीतून अशी बातमी लिहिली की बेटावरचा लबाड मंत्री घरी बसला. पुन्हा प्याले, तर एक देखणी गायिका त्यांच्या प्रेमात पडली. पिऊन पाण्यात पडले, तर मासेमारी करणाऱ्यांनी वर काढलं आणि थंडी जावी म्हणून अजून पाजली.

पहिल्या रांगेत एक निवृत्त बसड्रायव्हर होता. तो ओठ पुसत म्हणाला, "आम्ही पाण्यात पडलो तर कुणी टॉवेलसुद्धा देत नाही."

ताई उठून डिस्क बंद करायला गेल्या, तर मागच्या रांगेतले एक हेडमास्तर म्हणाले, "अहो ताई, शेवट महत्त्वाचा ना? त्याचं वाटोळं होणारच असेल तर बघू द्या की." आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताई मुकाट्यानं खाली बसल्या आणि वाटोळ्याची वाट बघू लागल्या. वाटोळं काही येईना.

तेवढ्यात दार उघडून केंद्राचे अध्यक्ष आत आले. ते महिन्यातून एकदा न सांगता यायचे, आणि नेमका तो एकदा आज उगवला होता. पडद्यावर पत्रकार डोक्यावर बाटली ठेवून नाचत होता आणि समोर बावीस व्यसनी ताल धरून टाळ्या वाजवत होते.

"ताई, हे काय चाललंय?"

"जनजागृती, सर."

"कुणाची?"

"सर, शेवट फार परिणामकारक आहे," ताई म्हणाल्या.

"असं? मग बघतोच." अध्यक्ष खुर्ची ओढून बसले.

ताईंनी डोळे मिटले. पडद्यावर अजून वीस मिनिटं उरली होती आणि आपली नोकरीही तेवढीच उरली असावी, असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात वीज गेली.

हॉल अंधारात बुडाला. कुणीतरी पडदे उघडले. दहा मिनिटं झाली, वीज येईना. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "शेवटी होतं काय त्याचं? सांगा ना, ताई."

ताईंनी डिस्कचं वेष्टन उलटून पालटून पाहिलं.

"मी सांगतो," खिडकीजवळून आवाज आला. पेपरवाले बोलत होते. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या करकरल्या, कारण सगळेच एकदम मागे वळले होते.

"त्याला संपादकाचा फोन यायचा थांबतो," पेपरवाले म्हणाले. "आधी रोज येत असतो, मग आठवड्यानं, मग येतच नाही. पण येत नाही हे त्याला चार महिन्यांनी कळतं. लिहायला बसला की पहिलं वाक्य सुचतं. दुसरं सुचत नाही. म्हणून तो पहिलंच पुन्हा लिहितो. पानभर. वाक्य चांगलं असतं, त्यात काही खोट नसते."

"आणि ती बाई?" शिंप्यानं विचारलं. हा शिंपी केंद्रात दुसऱ्यांदा आला होता.

"ती एक दिवस सांगून निघते. होडीनं. त्याला तिला थांबवायचं असतं, पण एक बूट सापडत नाही. अनवाणी गेलो तर लोक काय म्हणतील! म्हणून तो बूट शोधत बसतो. संध्याकाळी सापडतो. फ्रिजमध्ये."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग?"

"मग काय? फ्रिजमध्ये बाटलीपण असते."

"बेटावर फ्रिज होता?" हेडमास्तरांना शंका आली.

"होता."

"आणि शेवट?"

"हाच. त्याच्या पुढं तो असतो. नुसता असतो."

बसड्रायव्हर आपल्या चपलांकडे बघत होता. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "ताई, इतका चांगला पिक्चर गेल्या कित्येक वर्षांत पाहिला नाही. ती डिस्क द्या. आमचा मेहुणा सहा वर्षं माझ्याकडेच राहतोय आणि पितोय. त्याला आज दाखवतो."

ताई म्हणाल्या, "सर, मला एकदा..." पण अध्यक्षांनी झाकण उचलून डिस्क स्वतःच काढून खिशात टाकली होती.

सोमवारी सकाळी आठ वाजता केंद्राचा फोन वाजला.

"ताई!" पलीकडून अध्यक्ष ओरडत होते. "शेवटी त्याला गायिका मिळते! स्वतःचा पेपर मिळतो! होडीत बसून, हातात ग्लास घेऊन, सूर्यास्ताकडे जातो तो! मेहुणा सकाळपासून बेटाची तिकिटं बघतोय, ताई! त्या तुमच्या पेपरवाल्याला गाडीत घालून माझ्याकडे पाठवा. कालचा शेवट त्यानं इथं येऊन सांगितला पाहिजे!"

ताईंनी फोन ठेवला आणि धावतच जेवणघर गाठलं. पण तिथं आधीच आग लागली होती. पावाची टोपली घेऊन आचारी टेबलांमधून फिरत होता आणि मोठ्या उत्साहात सांगत होता, "अरे, मी तीनदा पाहिलाय तो. काल मला विचारलं असतंत तर! शेवटी तो होडीतनं जातो ना, संगतीला ती गायिका, आणि वर गाणं..."

बावीस माणसं चघळायची थांबली. सगळ्यांचे डोळे पेपरवाल्यांकडे वळले. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. त्यांनी कप बशीत ठेवला.

"आचारी म्हणतोय ते खरं असेल," ते म्हणाले. "मी तो पिक्चर पाहिलेला नाही. परीक्षण लिहिलं होतं त्याचं. न बघताच."

"मग ते फोनचं? बुटाचं?"

"ते खरं आहे. फक्त बेट नव्हतं. तिसरा मजला होता. आणि होडी म्हणजे तिच्या भावाची गाडी."

मग बसड्रायव्हर उठला, आचाऱ्याच्या हातातली टोपली काढून घेत म्हणाला, "तू चुकीचा पिक्चर बघितलास. तीनदा बघितलास, तीनदा चुकलास."

"पण त्यात..."

"चुकलास म्हणतो ना."

शिंप्याला मात्र वेगळीच रुखरुख लागली होती. "पेपरवाले, ती परत आली का नाही?"

"एकदा आली. आता घरी असेल का, माहीत नाही."

आता गिळून चालणार नव्हतं. ताई पुढे झाल्या आणि एका दमात बोलून गेल्या, "आज घरी गेलात तर कुलूप असेल. किल्ली शेजारी. इथं राहिलात तर त्या रविवारी भेटायला येणारेत. मला शनिवारीच सांगितलं होतं त्यांनी. माझ्याच्यानं सांगवलं नाही."

पेपरवाले खिडकीबाहेर बघू लागले.

"मग थांबा की," शिंपी म्हणाला. "असा अर्धा पिक्चर सोडून कुणी जातं का?"

नऊ वाजता फाटकाशी पेपरवाल्यांनी बोलावलेल्या टॅक्सीचा हॉर्न वाजला. ते उठायच्या आत बसड्रायव्हर तरातरा बाहेर गेला. दोन मिनिटांनी परत आला आणि खुर्चीत बसून पाव तोडू लागला.

"काय सांगितलंत त्याला?" पेपरवाल्यांनी विचारलं.

"म्हटलं, इथलं गिऱ्हाईक बूट शोधतंय. संध्याकाळ होईल."