तिसऱ्या बेसवरची इतिहासकार

वॉशिंग मशीनने काम संपल्याची पी-पी केली आणि तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या त्या दोन खोल्यांमधली शांतता मोडली. स्वप्ना तेव्हा लिहिता लिहिता मेइजी काळात, म्हणजे दीडशे वर्षांमागच्या जपानात होती. एक अमेरिकन मास्तर तोक्योतल्या पोरांना बॅट कशी धरायची ते शिकवत होते, आणि त्यांना तसंच सोडून कपडे वाळत घालायला उठणं म्हणजे इतिहासाशी बेइमानी झाली असती. कपडे मशीनमध्येच राहिले. संध्याकाळी त्यांना वास आला. इतिहासाची किंमत कोणीतरी मोजतंच. या घरात ती नवऱ्याचे, म्हणजे केदारचे, शर्ट मोजत.

स्वप्ना मूळची सॉफ्टवेअर टेस्टिंगची इंजिनिअर. रुचा झाली, नोकरी सुटली, आणि पुढे मुलगी शाळेत आणि भात कुकरमध्ये असतानाच्या वेळात तिने जपानी बेसबॉलचा इतिहास मराठीत लिहायला घेतला. बेसबॉलचा एकही सामना तिने अख्खा पाहिलेला नव्हता. पण विमा कंपन्यांच्या प्रणाली तपासतानाही तिने कधी स्वतःचा विमा उतरवला नव्हता, त्यामुळे ही उणीव तिला उणीव वाटली नाही.

पुण्याचे प्रकाशक बाळासाहेब यांचंही तेच मत पडलं. “स्वप्नाताई, बेसबॉल आमच्या वाचकाला कळणार नाही, आणि नाही कळला तरी चालेल. लेखिकेला कळलाय असं वाटलं पाहिजे. प्रस्तावनेत मैदानावरचा एखादा अनुभव टाका. धूळबिळ.”

धूळ रुचाकडे होती. दुसरीतली रुचा वस्तीतल्या मुलांच्या संघात खेळायची. खरं तर बाकावर बसून इतरांची हेल्मेटं सांभाळायची. दर रविवारी एदो नदीच्या काठी सराव. प्रशिक्षक फुकट शिकवतात, म्हणून आयांनी पाळीपाळीने त्यांना चहा द्यायचा अशी तिथली रीत. स्वप्नाची पाळी आली तेव्हा तिने आयांच्या ग्रुपवर नम्रपणे कळवलं, की आपण बेसबॉलच्या इतिहासावर ग्रंथ लिहीत असल्याने रविवारी सकाळी यायला जमणार नाही.

पुण्यात यावर कोणीतरी ‘मग चहा काय ग्रंथ करणार का?’ असं विचारलं असतं आणि विषय मिटला असता. जपानी लोक सुसंस्कृत. आयांच्या प्रमुख ओगावा-सान दुसऱ्या दिवशी दारात येऊन कमरेत वाकल्या.

“एवढ्या अभ्यासकांना आम्ही चहा करायला सांगितला. फार मोठी चूक झाली. रविवारच्या सामन्यात तिसऱ्या बेसवर पंच म्हणून आपण उभ्या राहाल ना, सेन्सेइ?”

सेन्सेइ म्हणजे गुरू. आता नाही म्हणायचं तर ग्रंथ मागे घ्यावा लागला असता. स्वप्ना ‘हाइ’, म्हणजे हो, म्हणाली.

“तुला नियम माहितीयेत?” केदारने विचारलं.

“चौथ्या प्रकरणात आहेत.”

“प्रकरणाला नाही गं, तुला.”

रुचा मात्र खूश होती. या सामन्यात तिला पहिल्यांदाच खेळवणार होते. जर्सीवर नंबर शिवून घेताना ती म्हणाली, “तू बेसजवळच असशील. मग मी तुला नीट दिसेन.”

रविवारच्या सामन्याचा शेवटचा डाव. रुचाचा संघ एका धावेने मागे, दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना संपला, आणि दुसऱ्या बेसवरून रुचा जीव तोडून तिसऱ्याकडे निघालेली. मैदानात धूळ उठली. अखेर धूळ. ‘नदीकाठच्या त्या पिवळ्या धुळीत...’ असं एक वाक्य स्वप्नाच्या डोक्यात सुरू झालं, आणि त्याला क्रियापद सापडेपर्यंत रुचा घसरत येऊन पोहोचली होती, चेंडूही पोहोचला होता, आणि आधी पाय की आधी चेंडू, हे ऐकायला अख्खं मैदान पंचांकडे बघत होतं.

इतिहासात अशा वेळी पुरावा बघतात. तो नव्हता. टेस्टिंगमध्ये शंका आली की नापास लिहितात. शिवाय स्वप्नाची आई शाळेत शिक्षिका होती. स्वतःच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून तिने स्वप्नाचे बरोबर उत्तराचेही गुण कापले होते.

स्वप्नाने मूठ वर केली. “आऊट.”

सामना गेला. प्रशिक्षकांनी टोपी काढून तिला अभिवादन केलं. एवढी निःपक्षपाती आई आपण पाहिली नाही, म्हणाले. प्रतिस्पर्धी संघाच्या आयांनी टाळ्या वाजवल्या. ओगावा-साननी पहिला चहा तिलाच दिला.

“हीच तुमची प्रस्तावना,” बाळासाहेब फोनवर गहिवरले. “पोटच्या पोरीला आऊट दिलं. आपला वाचक इथेच पुस्तक विकत घेतो, ताई. पुढे वाचत नाही, तो प्रश्न वेगळा.”

स्वप्ना लगेच लिहायला बसली. ‘मी ते माझ्या डोळ्यांनी स्पष्ट पाहिलं,’ हे पहिलं वाक्य अगदी सहज उतरलं. तेवढ्यात आंघोळ करून रुचा आली. केस ओले, गुडघा खरचटलेला. स्वप्नाने तिला मांडीवर घेऊन पट्टी लावली.

“दुखतंय?”

“दाइजोबु,” काही नाही झालं अशी रुचाने मान हलवली. ती रुसलेली नव्हती.

“मला वाटलं, माझा पाय लागला बेसला. पण ओगावा-सान म्हणाल्या, तुझी आई खोटं नाही सांगणार.”

“हं.”

“मग बेसपासून किती लांब राहिला होता गं, आई?” रुचाने दोन बोटं थोडी लांब धरली, मग जवळ आणली. “एवढा? की एवढा?”