काल्याच्या दिवशी भरलेली उसण

"त्याले सांग, जायचं तं जाय म्हना. जाताना फाटक लावून घेजो म्हना."

फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार इंद्रभान हे आपल्या बायकोला, मनकर्णाबाईंना म्हणाले, तेव्हा त्यांचा एकुलता एक मुलगा गणेश समोरच चहा पीत बसला होता.

"आई, बाबाले सांग, फाटकाची कडी तुटेल हाय. लागत नाही."

मनकर्णाबाईंनी कोणालाच काही सांगितलं नाही. बाप-लेकातली ही डाक त्या कित्येक वर्षं वाहत होत्या. आज मात्र ती त्यांनी खाली ठेवली. गणेश आणि त्याची बायको वैजयंती रिठद सोडून वाशीमला बिऱ्हाड हलवणार होते. गावातल्या रऊफचा टेम्पो दारात उभा होता आणि पलंग, कपाट, वैजयंतीची शिलाई मशीन त्यात चढलीसुद्धा होती.

भांडण मोठं नव्हतं, जुनं होतं. सैन्यभरतीच्या मैदानावर गणेश सगळ्यांच्या पुढे धावता धावता मधेच थांबला आणि "मले नाही जायचं," म्हणून घरी आला. त्याला मोटारपंप दुरुस्त करायचे होते आणि देवापुढे पखवाज वाजवायचा होता. त्या दिवसापासून सुभेदार त्याच्याशी थेट बोलले नव्हते. घर मात्र ते पलटणीसारखं चालवत. पहाटे शिट्टी, मग अंथरुणाच्या घड्यांची तपासणी. वैजयंतीच्या एखाद्या पोळीचा काठ कच्चा राहिला, तर ती पोळी हातात धरून ते सगळ्या घराला दाखवत.

"आज काला हाय," मनकर्णाबाई शेवटी एवढंच म्हणाल्या. "सप्त्याच्या काल्याचा परसाद टाकून कोनी गाव सोडते काय?"

यावर मात्र दोघांचंही एकमत झालं. काला होईपर्यंत टेम्पो दारातच थांबला.

शालिग्राम महाराजांचं काल्याचं कीर्तन म्हणजे ऐकणाऱ्याचं भाग्य. सकाळचं ऊन मांडवाच्या फटींतून गळत होतं, मागे टाळकरी पावली टाकत होते आणि गणेशच्या पखवाजावर तर म्हातारीकोतारी माणसंही जागच्या जागी डुलत होती. सुभेदार मांडवाच्या तोंडाशी चपलांच्या रांगा सरळ करत होते. आतून पखवाजाची थाप आली की त्यांची काठी जमिनीवर बरोबर समेवर पडे. पण हे त्यांना कोणी विचारलं असतं, तर त्यांनी त्याचं कोर्टमार्शल केलं असतं.

दहीहंडी फुटली. काला वाटला गेला. मग नेहमीच्या रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. त्यात लहान-मोठा पाहायचा नसतो. सासरा सुनेच्या पाया पडतो, मालक गड्याच्या. सुभेदार यात कधी नसत. ते कडेला ताठ उभं राहून देवाला सलाम ठोकत. आजही तेच करणार, तोच हंडीचं एक धारदार खापर त्यांना वाटेत पडलेलं दिसलं. बायाबापड्या अनवाणी चालत होत्या. सुभेदार खापर उचलायला झटकन वाकले आणि कमरेत 'कट्' झालं.

उसण भरली. वरही येता येईना, खालीही जाता येईना.

"अरे पाहा!" कोणीतरी ओरडलं. "सुभेदार पाया पडून राह्यले!"

पाया पडणाऱ्याच्या पाया पडलंच पाहिजे. पहिला म्हातारा पुढे आला, त्याच्यामागे दुसरा, मग बायका. बघता बघता रांग लागली. जो तो येई, सुभेदारांच्या पायाला हात लावी, आणि सुभेदार वाकलेलेच आहेत हे पाहून डोळे पुशी. स्वतः शालिग्राम महाराज गहिवरले. "माय-बापहो," ते म्हणाले, "अभिमान असा गळावा लागतो. पाहा, अजून उठून नाही राह्यले!"

सुभेदारांना नुसते पाय दिसत होते. भेगाळलेले, चिखलाचे, जोडव्यांचे. मग ओळखीच्या पायांची एक जोडी समोर येऊन थांबली. गणेश रीतीप्रमाणे वाकला, तसं त्याचं डोकं बापाच्या डोक्याला लागलं.

"कंबर अडकली," सुभेदार कुजबुजले. "कोनाले सांगू नको. मले घरी ने. पन इज्जतीनं."

इतक्या वर्षांनी बाप थेट बोलला होता.  गणेश उभा राहून म्हणाला, "महाराज, बाबाचा नेम हाय. घरापर्यंत असंच वाकून जायचा."

झालं! मांडवात हरिनामाचा गजर उठला. टाळ पुढे झाले, पताका पुढे झाली आणि वाकलेल्या सुभेदारांचा हात धरून गणेश मधोमध चालू लागला. दारादारांतून बाया घागरी घेऊन आल्या आणि त्यांच्या पायांवर पाणी ओतू लागल्या.

"नेम कायले सांगतला रे, गधड्या?" सुभेदार खालून फिसकारले.

"इज्जतीनं म्हनलं ना तुमीच."

"पानी थंडं हाय!"

"बोलू नका. नेमात मौन असते."

घराच्या अंगणात गजर करून लोक पंगतीला परत गेले, तेव्हा कुठे मनकर्णाबाईंना खरं कळलं. रऊफ म्हणाला, "चाचा, दवाखान्यात नेतो टेम्पोनं. पर सामान उतरवा लागते."

गणेशने आणि रऊफने पलंग उतरवला, कपाट उतरवलं, मशीन उतरवली. पण सुभेदारांचा पाय टेम्पोच्या फळीवर काही चढेना. उचलायला गेलं की ते असे ओरडत, की गोठ्यातली गाय उत्तर देई.

"पायाळू मानसाची लाथ पाहिजे," मनकर्णाबाई म्हणाल्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात, त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही त्या मुलखातली पक्की समजूत.

"तसा मानूस आनू कुठून?" गणेशने विचारलं.

"आनायचा कायले? तूच तं हायेस."

"हा पायाळू?" सुभेदार जमिनीकडे पाहत गरजले. "मले कोनी सांगतलं नाही कवा!"

"तुमी होते कुठी सांगाले? पोरगं झालं, तवा तुमी तिकडं बर्फात. आले तवा ते रांगत होतं."

सुभेदारांनी वाकल्या वाकल्याच आपली पाठ गणेशकडे केली.

गणेश मागे सरकला. "म्या नाही मारनार बाबाले लाथ."

"मार! हुकूम हाय!"

"तुमचा हुकूम म्या कवा मानला?"

 सुभेदारांच्या कपाळावरून घामाचा थेंब सुटला आणि मातीत पडला.

"हुकूम नाही मंग," ते हळूच म्हणाले. "लई दुखून राह्यलं, गण्या."

गणेशने आधी बापाच्या पायांवर डोकं ठेवलं. मग डोळे मिटून, विठ्ठलाचं नाव घेऊन, बापाच्या कमरेला उजवा पाय लावला. लाथ म्हणायलाही संकोच वाटावा, इतका हलका. सुभेदारांच्या कमरेत पुन्हा 'कट्' झालं, आणि ते हळूहळू ताठ झाले.

"वा!" रऊफ म्हणाला. "आता सामान चढवू का परत?"

सुभेदारांनी अंगणातल्या सामानाची पाहणी केली. मग ते गणेशकडे वळले. मध्ये मनकर्णाबाई उभ्या होत्या, त्यांना त्यांनी हाताने बाजूला केलं.

"उसनीचा काही भरोसा नसते," ते म्हणाले. "पुन्हा भरली तं? तू वाशीमहून येईपर्यंत मी वाकूनच राहू काय?"

"पंपाचं दुकान तिकडं घेतलं मी, बाबा."

"मंग दुकान तिकडंच राहू दे. पायाळू मानूस घरी पाहिजे. जानं-येनं करतेतच लोकं."

वैजयंतीने पदर सावरून धीर केला. "मामाजी, आन सकाळची शिट्टी?"

सुभेदारांनी बराच वेळ, गंभीरपणे विचार केला. "ऐतवारी बंद."

रऊफने न विचारताच पलंगाचं एक टोक उचललं आणि ते घराच्या दिशेने वळवलं.

स्वयंपाकघरात वैजयंती सासूजवळ येऊन बसली. "आत्याबाई, पायाळूवर वीज पडते म्हनतेत. आता त्यायले पावसात जपा लागन."

"काही नाही होत. डोक्याकडूनच झाला तो."

वैजयंतीच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. "खोटं बोलल्या तुमी? आज? काल्याच्या दिवशी?"

"काल्याच्याच दिवशी चालते वं. देवानं नाही का, व्हटाले लोनी लागेल असून मायले सांगतलं, म्या नाही खाल्लं म्हनून?" मनकर्णाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "खरी पायाळू मी हाय."

"मंग तुमीच काहून नाही मारली लाथ?"

मनकर्णाबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"इतक्या वर्सांची होती वं माह्या पायात. हलकी बसली नसती."