नको म्हणायची पंचाईत

गुरुवारी संध्याकाळी टोकावड्याच्या समाजमंदिरातले चारही कॉम्प्युटर बंद करून त्यांच्यावर जुन्या लुगड्याचे तुकडे पांघरून झाले, की किशोर विशे तोंड पाडून म्हणायचा, "उद्या लाईट नाय. नायतर आलो असतो."

हे वाक्य तो दर गुरुवारी म्हणत होता आणि ते साफ खोटं होतं.

दोन हजार पाच सालच्या आसपासची गोष्ट. किशोर ना कुठल्या शाळेत नोकरीला होता, ना कुठल्या कचेरीत. आज वाशिंद, उद्या मुरबाड, परवा टोकावडे अशी गावोगाव फिरून तो लोकांना कॉम्प्युटर शिकवायचा. स्वतःचं काम म्हणजे स्वतःच मालक, असं लोक त्याला कौतुकाने म्हणत. किशोरचा अनुभव असा होता, की जो स्वतःच मालक असतो त्याला रजा द्यायला कोणी उरत नाही. नोकरदाराची रजा साहेब मंजूर करतो. किशोरची रजा लाईटवाले मंजूर करायचे. दर शुक्रवारी दिवसभर भारनियमन असे, आणि विजेवाचून कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखा दिसणारा पण टीव्हीइतकाही उपयोग नसलेला डबा.

किशोरची बायको अनिता वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. त्या कारखान्याची सुट्टीही याच कारणाने शुक्रवारीच. म्हणजे साऱ्या आठवड्यात दोघं एकाच वेळी सापगावच्या घरात जागे सापडायचे ते शुक्रवारी. त्या दिवशी ते सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊन ओटीवर चटई टाकत आणि संध्याकाळपर्यंत काहीही करत नसत. कधी बोलत, कधी बोलतही नसत. काही न करणं एकट्याने केलं तर त्याला आळस म्हणतात. दोघांनी मिळून केलं की त्याला संसार म्हणतात.

पण 'मला सुट्टी मिळते म्हणून फार बरं वाटतं' हे शिकणाऱ्या माणसांसमोर कसं म्हणणार? म्हणून किशोर तोंड पाडायचा. आणि त्याचं पडलेलं तोंड टोकावड्यात दोन माणसांना बघवेना.

एक चंद्रकलाबाई. त्या अंगणवाडी चालवत. महिन्याचा अहवाल हाताने चार प्रती लिहिता लिहिता त्यांची बोटं वाकडी व्हायची वेळ आली होती. किशोरने त्यांना तो कॉम्प्युटरवर करायला शिकवला, तेव्हापासून त्या त्याच्याकडे देवळाकडे बघावं तशा बघत. दुसरा देवजी, मंडप डेकोरेशनवाला. त्याने आपल्या पुतणीची लग्नपत्रिका स्वतः टाईप केली होती. तिच्यात वधूपेक्षा 'देवजी मंडप डेकोरेटर्स'ची अक्षरं मोठी आली, पण ती त्याने आपल्या बोटांनी काढली होती. या दोघांच्या कृतज्ञतेपोटी किशोरच्या घरात काकड्या, वाल आणि एकदा जिवंत कोंबडा येऊन गेला होता. तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. सरांसाठी काहीतरी मोठं करायला पाहिजे, असं त्यांच्या मनात घोळत होतं.

"सर, माझा जनरेटर पडून हाय," एका गुरुवारी देवजी म्हणाला. "लग्नाचा शीजन संपला. शुक्रवारी आणून लावतो इथं. लाईट गेली खड्ड्यात."

किशोर घाईने दोन्ही हात हलवू लागला. "नको, नको," तो म्हणाला. "कशाला उगा तुमाला तरास."

इथेच तो फसला. शहापूर-मुरबाड पट्ट्यात 'नको' या शब्दाला नकार समजत नाहीत. पंगतीत पहिला नको म्हणजे 'ऐकू आलं'. दुसरा नको म्हणजे 'आणखी जरा म्हणा'. आणि दोन्ही पंजे ताटावर आडवे धरून म्हटलेला तिसरा नको म्हणजे 'वाढा'. वाढणाराही मग बोटांच्या फटीतून भात सोडतो आणि दोघंही आपापल्या जागी प्रसन्न होतात. खरोखरच नको असेल तर काय म्हणायचं, याची सोयच तिकडे कोणी करून ठेवलेली नाही. उठून गेलात तर मागून डबा येतो.

किशोरही याच मातीतला. त्याला हे कळायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस 'नको' जास्त वेळा म्हणतो, आणि तो जितक्या वेळा म्हणाला तितका देवजीचा चेहरा उजळत गेला. किशोरने शुक्रवारी एसटीला गर्दी असते असं सांगून पाहिलं, तर देवजीने सापगावला टेम्पो पाठवायचं कबूल केलं. घरी थोडं लाकूडफाट्याचं काम असतं, असं किशोर म्हणाला, तर लाकडं फोडायला दोन गडी त्याच टेम्पोतून यायचे ठरले. खरं कारण तेवढं सांगायचं राहिलं. चारचौघांत, तेही चंद्रकलाबाईंसमोर, 'मला बायकोशेजारी लोळायचं असतं' हे म्हणायला जी छाती लागते ती किशोरकडे नव्हती. तुमच्या-माझ्याकडेही नाही.

शुक्रवारी सकाळी टेम्पो दारात उभा राहिला तेव्हा अनिता सुकट निवडत होती. तिने टेम्पोकडे पाहिलं, किशोरकडे पाहिलं आणि निम्मी सुकट परत डब्यात घातली.

तिकडे देवजीने जनरेटर समाजमंदिराच्या खिडकीशीच बसवला होता. जनरेटरचा आवाज वरातीपुढे बँडशी सामना करून कमावलेला होता. किशोर घसा फोडून शिकवत होता आणि वर्ग माना डोलावत होता. कशाला, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्यात चार कॉम्प्युटरवर जनरेटर नीट चालेना. त्याला लग्नातल्या दिव्यांची सवय, थोडक्यावर त्याचं भागत नाही, असं म्हणून देवजीने समाजमंदिराला लाल-हिरव्या दिव्यांच्या माळा सोडल्या. त्या बघून माळशेजकडे चाललेली एसटी जरा हळू झाली आणि एक फेटेवाले गृहस्थ उतरून थेट आत येऊन बसले. लग्न कोणाचं, हे विचारणं त्यांना बरं वाटेना, आणि तुम्ही कोण, हे विचारणं यजमानांना. शेवटी चंद्रकलाबाईंनी त्यांना आपल्या डब्यातली भाकरी वाढली. त्यांनी तीनदा नको म्हटलं आणि मग पोटभर जेवले.

संध्याकाळी घसा बसलेल्या किशोरला टेम्पोने घरी सोडलं. लाकडं फोडून ओटीवर रचलेली होती. चटई टाकायला जागा नव्हती.

पुढच्या शुक्रवारी तसंच झालं. अनिताने एकटीने लोळून पाहिलं, पण जमेना. मग तिने घरातले सगळे डबे घासले. नंतर शेजारीण लहानी हिचेही घासले. लहानीने नको म्हटलं होतं.

"तुमी त्यांना नाय म्हणत का नाय?" रात्री तिने विचारलं.

"म्हणतो," किशोर उरलेल्या आवाजात म्हणाला. "जेवढ्या जोरात म्हणतो, तेवढा टेम्पो लवकर येतो."

"मंग आसंच चालायचं? आठवड्यात एक दिवस तुमचं तोंड दिसायचं, तोबी गेला."

अनिताचं माहेर मुरबाडकडचं. पंगतीचं शास्त्र तिला नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या वेळी तुम्ही तोंड उघडू नका, एवढंच म्हणून ती कुशीवर वळली.

पुढच्या शुक्रवारी टेम्पोतून देवजी आणि चंद्रकलाबाई जातीने आले. येताना भोपळा आणला होता. दर आठवड्याला सर टोकावड्याहून येतात आणि लगेच दुसऱ्या दिवशी परत जातात, ही दगदग त्यांना बघवत नव्हती. त्यावर त्यांनी मार्ग काढला होता. पण ही गोष्ट घरच्या बाईला विचारूनच व्हायला हवी, म्हणून चंद्रकलाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि विषय काढला.

"वैनी, सरांना गुरुवारी आमच्याकडंच मुक्कामाला ठिवावं म्हणतो. देवजीच्या माडीवर. शुक्रवारचं शिकवून झालं का आणून सोडू."

बोलून त्या थांबल्या. आता वहिनींनी नको म्हणायचं, मग आपण आग्रह करायचा, मग वहिनींनी पुन्हा नको म्हणायचं. निदान चहा निवेपर्यंत हे चालायचं होतं. देवजीने तर त्याची तयारी म्हणून मांडी बदलली.

"ठेवा," अनिता म्हणाली.

चंद्रकलाबाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी सरांचे हाल होणार नाहीत, गादी नवी आहे, असं आणखी थोडं सांगून पाहिलं.

"गादी कशाला," अनिता म्हणाली. "पोत्यावर निजतील. शनिवारी पण ठेवलात तरी चालंल. कपडे आत्ताच बांधून देऊ?"

आणि ती खरंच उठली. आतून ट्रंक ओढल्याचा आवाज आला.

देवजी आयुष्यभर लग्नघरांत वावरलेला माणूस. रुसलेले जावई, अडून बसलेले मामा, सगळं त्याने पाहिलं होतं. पण पहिल्या झटक्यात हो म्हणणारं माणूस त्याने पाहिलं नव्हतं. त्याने चंद्रकलाबाईंकडे पाहिलं. दोघं भोपळा तिथेच ठेवून टेम्पोमागे गेले आणि हलक्या आवाजात बराच वेळ बोलले. परत आले तेव्हा देवजीने आज जनरेटरला काहीतरी झालंय असं सांगितलं. आल्या आल्या तर तो चांगला चालतोय असं देवजीच म्हणाला होता, पण ते कोणी काढलं नाही. निघताना चंद्रकलाबाईंनी किशोरच्या पाठीवर हात ठेवला. त्या फक्त मयताच्या घरी तसा हात ठेवत.

टेम्पो वळणाआड गेला. किशोरचा चेहरा उतरला होता, आणि या वेळी खराखुरा.

"खरंच धाडायला निघाली व्हतीस मला? पोत्यावर?"

"तुमी नको म्हणून दमलात," अनिता लाकडं एका बाजूला सारत म्हणाली. "मी हो म्हणून बघितलं. धरा तिकडून चटई."

पुढच्या गुरुवारी टोकावड्यात वर्ग सुटल्यावर त्या दोघांनी किशोरला थांबवून घेतलं. शुक्रवारचा वर्ग आता चंद्रकलाबाई स्वतः घेणार होत्या. जे शिकवून झालंय तेवढं त्या घोटून घेतील; आणि आवाजाचं म्हणाल तर अंगणवाडीची पोरं सांभाळणाऱ्या बाईला जनरेटर काय करणार? किशोरने शुक्रवारी या बाजूला फिरकायचं नाही, घरी थांबायचं, असं त्यांनी बजावलं.

"आहो पण आमचं काय बिनसलेलं नाय," किशोर म्हणाला. शुक्रवारबद्दल टोकावड्यात त्याने बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

"सर, मंडप घालायचा आन मोडायचा, हा माझा धंदा हाय," देवजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "संसाराचं तसं नसतं. तुमी आमचं लय केलंत. आता आमचं ऐका."

किशोरला एकदम गहिवरून आलं. या माणसांचे आभार कसे मानावेत ते त्याला कळेना, कारण आभार मानायचे तर खरं सांगावं लागलं असतं. म्हणून गुरुवारी तो दिवेलागणीनंतरही थांबून शिकवू लागला, आणि देवजीला पत्रिकेत वधूचं नाव मोठं कसं करायचं ते दाखवलं. त्याला घरी जायची घाई नाही, हे पाहून चंद्रकलाबाईंनी देवजीला नुसती मान हलवून खूण केली.

शुक्रवार परत आले. भाकऱ्या, कालवण, ओटी, चटई. टोकावड्याची शुक्रवारची शिकवणी उत्तम चालली होती, असं बाजाराला गेलेली माणसं सांगत.

"काल चंद्रकलाबाईंनी परत विचारलं," एका दुपारी किशोर डोळे मिटूनच म्हणाला. "मिटलं का म्हणून."

"मंग?"

"म्हणलो, आमचं झ्याक चाललंय. त्या म्हणल्या, आसू दे, आसू दे. अजून चार-सहा महिने घरीच थांबा."

अनिता पदर तोंडाला लावून हसली. तेवढ्यात लांब रस्त्यावर एका टेम्पोचा आवाज आला. ती उठून बसली, कान देऊन ऐकू लागली, आणि तिने कोपराने नवऱ्याला ढोसलं.

"सरका तिकडं. भांडलेली माणसं एवढी खेटून लोळत नाय."

टेम्पो शहापूरकडे निघून गेला. किशोर काही सरकला नव्हता.