साहेब गेले, मागे पत्नी, दोन मुले

डेटाबेसचं काम बघणाऱ्या बाईंना अख्खं ऑफिस डेटाबाई म्हणायचं, आणि डेटाबाईंना स्वतःच्या स्क्रिप्टचा भारी अभिमान होता. स्क्रिप्ट म्हणजे डेटाबेसला ओळीने नेमून दिलेली कामं. इतरांच्या स्क्रिप्ट मुकाट चालायच्या आणि मुकाट पडायच्या. बाईंची मात्र पावलोपावली पडद्यावर संदेश छापत जायची: हे झालं, ते झालं, इथे घोळ दिसतोय. माणसांची नावंसुद्धा ऑफिसात हाक मारतात तशीच यायची. चूक शोधायला फार वेळ लागायचा नाही.

साहेबांना हे बिलकूल पसंत नव्हतं.

"काम करावं, बडबड कशाला?" ते त्या सकाळी म्हणाले. "आज सगळ्या नोंदी जुन्या डेटाबेसमधून नव्यात न्यायच्यात. एक जरी हरवली ना, तर तुमचं काम बाहेरच्या कंपनीला! आणि त्या बडबडीच्या ओळी काढून टाका."

"नोंद हरवणार नाही, आणि ओळी निघणार नाहीत," बाई ताठ मानेने म्हणाल्या.

साहेबांनी छातीवर हात ठेवला आणि ते डॉक्टरांकडे निघून गेले. छातीत आधीपासूनच दुखत होतं, पण हे ऐकून वाढलं, असं हिशेबनीसांचं मत पडलं.

बाईंनी स्क्रिप्ट सुरू केली. जुनं मशीन तळघरात होतं आणि त्याचा पंखा अधूनमधून रुसून बसायचा, त्यामुळे बाईंना तिथे हजर राहणं भाग होतं. जाताना त्यांनी फोनवाल्या ताईंना आपल्या खुर्चीत बसवलं. "पडद्यावर 'अमुक खातं गेलं' असं आलं की त्यांच्या नोंदी नव्या घरी पोचल्या. लगेच त्या खात्याला फोन करून सांगायचं."

ताई कामाला चोख. 'भांडार गेलं' आलं, त्यांनी भांडारात कळवलं. 'हिशेब गेला' आलं, तेव्हा हिशेबनीस खेकसले, "गेला? मग मी इथे काय माश्या मारतोय?" खात्यांचं असं ठीक चाललं होतं. माणसांबद्दल बाई काही बोलल्याच नव्हत्या.

खाती संपली, माणसं लागली, आणि पहिलीच ओळ उमटली: 'साहेब गेले. मागे पत्नी, दोन मुले.' त्यापुढे पडदा गप्प.

ताई ताडकन उठल्या. सकाळीच तर छातीत दुखत होतं हो! त्यांनी लगेच साहेबांच्या घरी फोन लावला.

"बाईसाहेब... साहेब गेले."

"हो, मीच पाठवलं," बाईसाहेब निवांतपणे म्हणाल्या. "किती दिवस मागे लागले होते मी! एकदाचे गेले बाई."

ताईंना पाणी पाजावं लागलं.

थोड्याच वेळात सगळं ऑफिस मोठ्या खोलीत जमलं. साहेबांशी रोज भांडणारे हिशेबनीसच बोलायला उभे राहिले. "साहेब वरून कडक होते, पण आतून..." ते अडखळले. "आतूनही कडकच होते. पण सरळ माणूस! पाठीमागे कुणाचं वाईट बोलला नाही. जे बोलायचं ते तोंडावर." एवढं बोलून ते रांगेत जाऊन उभे राहिले. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात दार हळूच उघडलं. साहेब आत आले, सगळे गंभीर दिसले म्हणून तेही मान खाली घालून रांगेत उभे राहिले आणि शेजाऱ्याच्या कानात कुजबुजले, "कोण गेलं हो?"

शेजारी हिशेबनीस होते. त्यांची किंकाळी तळघरापर्यंत गेली. बाई धावत वर आल्या, तोवर ताईंनी साहेबांना बाईंच्या टेबलाशी नेऊन ती ओळ दाखवली होती.

"मला मारलंत, बाई?" साहेब कडाडले. "साधं पित्त सांगितलंय डॉक्टरांनी!"

"मारलं नाही हो, हलवलं!" बाईंनी पडदा पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडायच्या ऐवजी खुलला. "अरे वा! साहेब, बाईसाहेब माहेरचं आडनाव लावतात का?"

"लावतात. त्याचं काय?"

"चूक माझीच आहे. मी आडनावावरून कुटुंब जुळवलं. त्यांचं जुळलं नाही, म्हणून त्या मागे राहिल्या, आणि आई राहिली म्हणून मुलंही. पण स्क्रिप्टला मी बजावून ठेवलं होतं, कुणीही मागे राहिलं की बोंब मार आणि थांब. मुकाट चालली असती, तर तिघंही कंपनीच्या विम्यातून गुपचूप गळली असती. आणि ते कळलं असतं थेट दवाखान्यात!"

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"आणखी कुणाचं राहिलंय का, बघा," ते हळू आवाजात म्हणाले.

बाईंनी सगळ्यांची तपासणी लावली: ज्याचं कुणी मागे राहील, त्याचीच ओळ छापायची. सगळं ऑफिस पाठीशी उभं, प्रत्येकाचा जीव आपापल्या माणसात अडकलेला. पडद्यावर आणखी एकच ओळ उमटली: 'डेटाबाई गेल्या. मागे पती.'

माहेरचं आडनाव बाईंनीही सोडलं नव्हतं, तेसुद्धा अभिमानानेच. हिशेबनीस खुसखुसले. "काय बाई, घरच्यांनाच विसरलात?"

बाईंची मान तसूभरही झुकली नाही. "पाहिलंत? खुद्द मालकिणीलाही सोडत नाही! अशी स्क्रिप्ट आहे का त्या बाहेरच्या कंपनीकडे?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घसा साफ केला.

"एकही ओळ काढायची नाही," ते म्हणाले. "पण बाई, आधी त्या बिचाऱ्याला आत घ्या."