अभ्युपगम सरांची आरामखुर्ची

"प्रयोगाने जे सिद्ध होईल, ते मी शिरसावंद्य मानीन, आणि तुलाही मानावे लागेल!"

रविवारी सकाळी आरामखुर्चीत रेलून अभ्युपगम सरांनी सौभाग्यवतींना असे ठणकावून सांगितले. प्रयोगापूर्वी जे विधान तपासण्यासाठी मांडतात, त्याला मानसशास्त्रात अभ्युपगम म्हणतात. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला संशोधनपद्धती शिकवताना सर हा शब्द इतक्या भक्तिभावाने उच्चारीत, की विद्यार्थ्यांनी त्यांचे खरे नाव केव्हाच बासनात गुंडाळून ठेवले होते. पोहण्यावर आयुष्यभर व्याख्याने देणारा एखादा सत्पुरुष जसा पाय ओले होऊ देत नाही, तसा सरांनी स्वतः मात्र एकही प्रयोग केला नव्हता!

आज तो प्रसंग ओढवला. बैठकीच्या खोलीत खिडकीशी उजेडाची जी एकमेव जागा होती, ती या खुर्चीने अडवली होती. तिचा वेत सैल झाला होता आणि एक पाय करकरत असे. तरी सरांना ती सिंहासनाहून प्रिय होती. सौभाग्यवतींना तिथे शिवणयंत्र मांडायचे होते, आणि दुपारी खुर्ची घेऊन जा असा निरोप त्यांनी सुताराला परस्परच धाडला होता.

"अगं, या खुर्चीत बसलं की स्मरणशक्ती वाढते!"

"वाढते? काल हिच्यातूनच उठून भाजी आणायला गेलात. रिकामी पिशवी घेऊन परत आलात, आणि तीही दुसऱ्याची!"

"एका उदाहरणावरून निष्कर्ष काढू नये," सर शांतपणे म्हणाले. "आपण प्रयोग करू. काही जण खुर्चीत बसतील, तो प्रायोगिक गट. काही स्टुलावर, तो नियंत्रित गट. मी शब्द वाचीन. खुर्चीतल्यांना जास्त आठवले, तर खुर्ची राहील. नाही तर सुताराला दार मी स्वतः उघडून देईन!"

"शब्द दिलात हं!"

"दिला!"

प्रयोगाची आखणी सरांनी यज्ञवेदी रचावी तशा निष्ठेने केली. आपण कोणत्या आसनावर बसलो हे कळले, तर माणसे मुद्दाम तसे वागतात. म्हणून खुर्ची आणि स्टूल दोन्हींवर एकसारख्या पांढऱ्या चादरी घातल्या. कोणी कुठे बसायचे, हे नाणे उडवून ठरणार होते. आणि प्रयोगकर्त्याच्याच मनात पक्षपात शिरू नये म्हणून कोण कुठे बसले हे खुद्द सरांनाही दिसता कामा नये! त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावला आणि त्यामागे उभे राहून शब्द वाचण्याचे ठरवले. माणसे बसवण्याचे काम सौभाग्यवतींकडे आले.

"काहीही झालं तरी मला काही सांगायचं नाही," सरांनी पडद्यामागून बजावले. "एक अक्षर नाही!"

"बरं बाई, नाही सांगत."

सर्वप्रथम शेजारचे घड्याळजी आले. त्यांच्यामागोमाग सुतार आला, तो खुर्ची न्यायला!

"आलाच आहेस तर बस जरा," सौभाग्यवती म्हणाल्या. "सरांचं काहीतरी चाललंय."

नाणे उडाले. घड्याळजींच्या नशिबी स्टूल आले, सुताराच्या नशिबी खुर्ची. जी वस्तू उचलून न्यायला आला, तिच्यावरच तो बिचारा चादरीसकट विसावला. पडद्यामागून सरांचा गंभीर स्वर आला, "हातोडा… नदी… कुलूप… कांदा…"

सकाळपासून रंधा मारून थकलेल्या सुताराच्या पापण्या कांद्यापाशीच मिटल्या. थोड्याच वेळात खोलीत एक संथ, खर्जातील नाद घुमू लागला.

'वा!' सर मनाशी म्हणाले. 'कोणीतरी शब्दांची मनोमन आवृत्ती करीत आहे. काय ही एकाग्रता!'

"अहो, ऐकलंत का, जरा…" सौभाग्यवतींनी पडद्याकडे पाहिले.

"नको! एक शब्द नको! माझ्या मनात पक्षपात शिरेल!"

सौभाग्यवतींनी पतीची आज्ञा त्या दिवशी प्रथमच तंतोतंत पाळली.

लिहिण्याची वेळ येताच त्यांनी सुताराला नुसते हलवले, त्याने झोपेतच पेन्सिल टेकवली, आणि फेरी संपल्यावर त्यांनी त्याला उठवून भिंतीशी बसवले. दुसऱ्या फेरीला सासूबाई आणि कोपऱ्यावरची शिंपीणबाई आल्या. लेकीकडे राहायला आल्यापासून सासूबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. रात्रभर त्या कूस बदलीत आणि सकाळी घरातील प्रत्येकाच्या घोरण्याचा सविस्तर वृत्तांत सांगत. नाण्याने त्यांना खुर्ची दिली, शिंपीणबाईंना स्टूल. त्यांनी पाठ टेकली आणि पडद्याकडे तोंड करून म्हटले, "जावईबापू, चादर घातली म्हणून स्टुलाला पाठ फुटते का हो? ही तुमचीच खुर्ची आहे की!"

"आई, तुम्ही काहीही ओळखायचं नाही!"

"बरं, नाही ओळखत."

सरांनी शब्द वाचले आणि लिहिण्यास वेळ दिला. त्यानंतर त्यांनी असा पडदा सारला, जणू गाभाऱ्याचे द्वारच उघडावे!

स्टुलावरच्या दोघांचे कागद समोर आले. शब्द सगळेच्या सगळे बरोबर!

"पाठ टेकायला नाही, पाय लोंबकळतात," घड्याळजी कंबर चोळत म्हणाले. "लवकर सुटका व्हावी म्हणून जीव तोडून ऐकत होतो."

सुताराच्या कागदावर 'हातोडा' एवढाच शब्द होता. पुढे पेन्सिलीची एक रेघ डोंगर उतरावा तशी कागदाबाहेर गेली होती. सासूबाईंचा कागद जमिनीवर कोरा पडला होता, आणि त्या स्वतः खुर्चीत तोंड किंचित उघडे टाकून तान्ह्या बाळासारख्या झोपल्या होत्या.

सरांनी चारही कागद पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाले, "अभ्युपगम खोटा ठरला. शब्द म्हणजे शब्द. सुतारदादा, खुर्ची न्या."

त्यांनी खरोखरच दार उघडले.

"आणि आजींचं काय करू, सर?" सुताराने डोके खाजवले. "खुर्चीबरोबर नेऊ?"

आवाजाने सासूबाई जाग्या झाल्या. खिडकीकडे पाहून त्या म्हणाल्या, "अगं बाई! ऊन कुठच्या कुठे गेलं! किती महिन्यांनी झोपले गं! खबरदार, या खुर्चीला कोणी हात लावला तर! आता मी इथंच निजायची."

"पण आई, माझं यंत्र?" सौभाग्यवती म्हणाल्या.

"ते जावईबापूंच्या टेबलावर ठेव. त्यांना कसलं काम असतंय!"

सासूबाईंपुढे कोणतेही शास्त्र चालत नाही. सुतार रिकाम्या हाताने गेला. खुर्ची राहिली, सरांची मात्र राहिली नाही. शिवणयंत्र त्यांच्या टेबलावर विराजमान झाले. सरांनी खोलीत चहूकडे पाहिले. बसण्याजोगे एक स्टूल तेवढे उरले होते.

"अगं, याला पाठ नाही…"

"बसा हो," चादरींची घडी करता करता सौभाग्यवती म्हणाल्या. "आई खुर्चीत, तर तुलनेला स्टुलावर कोणी नको? तुमचंच शास्त्र आहे ना!"

सर बसले, ते अद्याप तिथेच बसतात. आणि सत्याच्या आग्रहास्तव हेही नमूद केले पाहिजे, की तेव्हापासून भाजीची पिशवी भरून येते, आणि ती आपल्याच घरची असते, असे खुद्द सौभाग्यवती सांगतात.