नेनेकाकांचा मुरलेला स्ट्राइक

नेनेकाकांचा निर्णय मुरायला वेळ लागतो. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या आमच्या रविवारच्या बेसबॉलमध्ये ते अंपायर. चेंडू बॅट्समनच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यातून गेला तर स्ट्राइक, बाहेरून गेला तर बॉल. एवढंच सांगायचं. पण काका आधी ब्रश काढून जमिनीवरची प्लेट झाडणार, मास्क सारखा करणार, आणि मग हात वर.

"काका, लवकर सांगा ना!"

"लोणचं आहे ते, नूडल्स नव्हेत. मुरू दे."

काकांना गाडीतून ने-आण करणारा मी, म्हणून शेवटी कॅप्टनने मला बाजूला घेतलं. हे असंच चाललं तर पुढच्या महिन्यापासून दुसरा अंपायर.

मी छाती पुढे काढली. आई सोलापुरात विड्या वळायची, त्यावर मी शिकलो. घरातला पहिला पदवीधर, तोही इंजिनिअर. हे मी कुठेही सांगतो, कॅप्टनलाही सांगितलं. दोन वीकेंड घालवून फोनच्या कॅमेऱ्यातून चेंडू टिपणारं ॲप बनवलं. स्ट्राइक असला की काकांच्या कानातल्या इअरबडमध्ये बीप.

पहिल्याच सामन्यात सहा फुटी बॅट्समनच्या बेंबीच्या वरून गेलेला एकही चेंडू स्ट्राइक ठरेना. माप घेताना बॅट्समनच्या जागी मी स्वतः उभा राहिलो होतो. माझी उंची पाच फूट तीन इंच. इंजिनिअर!

कॅप्टन तावातावाने आला. मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "सॉरी, माय मिस्टेक. मशीन इज फाइन."

परतताना गाडीत मी म्हणालो, "काका, चूक माझी होती."

"ठाऊक आहे. शिकलेला पोरगा तू, चारचौघांत कशाला तोंडघशी पडायचं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला नीट दिसत नाही रे आता. कॅचरच्या ग्लव्हचा आवाज, त्याचं तोंड, यावरून अंदाज बांधतो. म्हणून ती प्लेट झाडत बसतो, वाकलं की त्याचं तोंड जवळून दिसतं."

मी सिग्नलला गाडी थांबवली.

"एक कर. ते बीप काढ. तूच बोल. 'आहे' नाहीतर 'नाही', मराठीत. तुझी काकू गेल्यापासून कानाशी मराठी बोलणारं कुणी नाही."

मी प्रत्येक बॅट्समनची उंची टेपने मोजली. घरी बसून 'आहे काका' आणि 'नाही काका' रेकॉर्ड केलं. पहिल्या पाच वेळा आवाज नीट लागला नाही.

काका आता निर्णय लगेच देतात, प्लेट नंतर झाडतात. मोसमातले उरलेले सगळे सामने त्यांनीच केले.